सातवं ताट

दादरच्या सरोजिनीबाई मनाने फार हळव्या. शनिवारी त्यांनी टीव्हीवर एक तमिळ सिनेमा पाहिला, हिंदीत डब केलेला. झोपडपट्टीतली खेळाडू मुलगी, तिला दारातच अडवणारी श्रीमंतांच्या क्लबमधली बाई आणि शेवटी तिचाच विजय! बाईंचा पदर ओला झाला. “गरिबाच्या लेकराला कोणी पुढे येऊ देत नाही गं!” त्या लेकीला, नूपुरला, म्हणाल्या.

नूपुर कबड्डी संघाची कॅप्टन. फायनलच्या आदल्या दिवशी कॅप्टनच्या घरी सगळ्यांनी जेवायचं, ही त्यांच्या क्रीडा मंडळाची जुनी रीत. त्यामुळे रविवारी दुपारी मुली आल्या, सोबत लालबागच्या प्रशिक्षक लक्ष्मीताई. मुलींत सेल्वीही होती, अँटॉप हिलची. चढाईला तिच्या तोडीची संघात दुसरी नाही. तिची आई मीनाक्षी याच घरात धुणीभांडी करते, आणि आज पाहुण्यांसाठी पुऱ्या लाटत होती.

“अगं सेल्वी, तू तर घरचीच!” सरोजिनीबाई प्रेमाने म्हणाल्या. “जा, आईला हातभार लाव. यांचं झालं की तुम्ही मायलेकी सावकाश बसा.”

बोलण्यात खोट नव्हती, हेच तर वाईट! सेल्वी मुकाट्याने आत गेली. नूपुरने पाहिलं आणि मान खाली घातली.

पानं वाढली, पण लक्ष्मीताईंनी ताटाला हात लावला नाही. “वहिनी, मैदानात आमच्या सात पोरी उतरतात. इथे पोरींची ताटं सहाच.”

“अहो, तिला परकं मानलं असतं तर कामाला लावलं असतं का? ती घरचीच आहे.”

“नूपुर पण घरचीच ना? मग तिला का नाही धाडलंत लाटायला?”

 तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून सेल्वी हळूच म्हणाली, “ताई, राहू दे ना. आईचं काम जाईल.”

काम जाईल! या पोरीला आपली भीती वाटते? सरोजिनीबाईंना कालचा सिनेमा आठवला. सिनेमात त्या मुलीला अडवणाऱ्या बाईला त्यांनी काल मनसोक्त शिव्या घातल्या होत्या. आज ती बाई त्यांच्याच घरात उभी होती, त्यांचीच साडी नेसून!

त्या आत गेल्या. सेल्वीच्या हातातलं लाटणं घेऊन म्हणाल्या, “चुकलं माझं, बाळ. जा, बस.”

सेल्वी जागची हलली नाही. “अम्मा नंतर जेवणार असेल तर मी पण नंतर.”

“नको बाई, मी खाली बसते मागाहून,” मीनाक्षी गडबडून म्हणाली.

“खाली नाही आणि मागाहूनही नाही!” सरोजिनीबाईंनी स्वतः दोन ताटं वाढून टेबलावर ठेवली. नूपुर ताडकन उठली आणि आतून दोन खुर्च्या घेऊन आली. “सॉरी, सेल्वी. मी तेव्हाच बोलायला हवं होतं.”

“अम्मा, वा, उक्कारु!” सेल्वीने आईला बसायला बोलावलं.

मीनाक्षीने हाताचं पीठ पुसलं आणि खुर्चीच्या कडेला टेकली. इतकी वर्षं ती त्या टेबलावर रोज फडकं मारत होती. बसली आज पहिल्यांदा.

वाचकहो, ‘तू घरचीच’ असं म्हणायला काही लागत नाही. पुढच्या वेळी म्हणाल, तेव्हा आधी बसायला खुर्ची द्या!