नाकारण्याचे कारण

चौथी टाचणी वाकली, म्हणून कारागिराने कागद अंगठ्याने दाबून धरला आणि फाटकाजवळच्या फळ्यावर नवी टोचली. आपल्याच नोकरीची जाहिरात आपल्याच हाताने लावायची, अशी इथल्या कायद्याची तऱ्हा. दहा दिवसांत या देशातला कोणी लायक माणूस मिळाला नाही, तरच मालकीणबाई त्याच्या व्हिसासाठी पुन्हा अर्ज करू शकणार होत्या. नाहीतर महिनाअखेरीस तो, बायको आणि इथल्याच शाळेत अक्षरं गिरवायला लागलेली लेक, तिघांनी गाशा गुंडाळायचा.

"कोणी आलंच तर चाचणी तूच घे," बाई म्हणाल्या. "मला त्यातलं काय कळतंय?"

चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देतात त्या अशा. पण कृत्रिम पाय बनवणाऱ्या त्या छोट्या कारखान्यात त्यातलं कळणारा दुसरा कोणी नव्हताच.

आठ दिवस कोणी फिरकलं नाही. बायको रोज दुपारी फोन करायची, "आलं का कोणी?" एवढंच विचारायची आणि "नाही" ऐकलं की लगेच ठेवून द्यायची.

नवव्या दिवशी पन्नाशीचा एक माणूस जिना चढून वर आला.

"खाली जाहिरात वाचली. जागा आहे ना अजून?"

कारागिराने मुद्दाम अवघड असा प्लास्टरचा साचा काढून टेबलावर ठेवला.

"थोटा पाय ज्या वाटीत बसतो, तिचा हा साचा. पेशंटला हाडाशी टोचतंय. दुरुस्त करून दाखवा."

माणसाने लगेच कानस उचलली नाही. आधी डोळे मिटून साच्यावरून बोटं फिरवली. मग हाडाच्या जागी वाटी सैल व्हावी म्हणून साच्यावर ओलं प्लास्टर चढवलं, मागून थोडं घासलं. कारागिराला जिथे तास लागला असता, तिथे याचं वीस मिनिटांत आटोपलं, आणि काम असं की बोट ठेवायला जागा नाही. कारागिराला त्याचा मनापासून राग आला.

"कुठे शिकलात?"

"गरज पडली, शिकलो. सर्टिफिकेट नाही माझ्याकडे, पण हे बघा." त्याने डाव्या पायाची पँट गुडघ्यापर्यंत वर केली. "अठरा वर्षं झाली. हा तिसरा. माझा मीच केलाय."

कारागीर वाकून बघत राहिला. खोटा पाय त्याला नुसत्या चालीवरून ओळखू यायचा. आज आला नव्हता.

"कळवतो," तो म्हणाला.

"जरा लवकर कळवा, साहेब. वर्षभर घरी बसलोय. पाय बघितला की कोणी कामावर घेत नाही. म्हटलं, इथे तरी तसं व्हायचं नाही."

तो नळावर हात धुवायला गेला. कारागिराने बाईंचा फॉर्म पुढे ओढला. 'उमेदवार नाकारण्याचे कारण', आणि खाली एवढीशी चौकट. 'कौशल्य अपुरे' लिहायला त्याने पेन टेकवलं, पण साचा समोरच होता, आणि उद्या त्याच साच्यावर तो स्वतः वाटी बनवणार होता. नळ बंद झाला. त्याने घाईघाईने लिहिलं, 'दिवसभर उभे राहून काम करण्यास असमर्थ', आणि फॉर्म पालथा घातला.

"येतो मग," ओले हात पँटला पुसत माणूस म्हणाला आणि जिना उतरू लागला.

तेवढ्यात फोन वाजला.

"आलं का कोणी?"

"थांब जरा."

फोन कानाशी तसाच धरून तो जिन्यावरची पावलं ऐकत राहिला. खरं कोणतं आणि केलेलं कोणतं, ते ओळखायचा त्याने शेवटच्या पायरीपर्यंत प्रयत्न केला. दोन्हींचा आवाज सारखाच होता.

"अहो, काय झालं?"

"काही नाही," तो म्हणाला. "आजही कोणी आलं नाही."