थोरलीचा चीन

“आम्ही म्हणजे नेमकं कोण, बाई?” संग्रहालयाच्या साहेबांनी विचारलं आणि थोरली अडखळली. ती आपल्या नेहमीच्या ओघात सांगत होती, की कागद आम्ही केला, छपाई आम्ही काढली, बंदुकीची दारू आम्ही शोधली, आणि तेव्हा युरोपवाले अजून पाळण्यात होते. साहेबांच्या शेजारचे दोघे हसू दाबत होते. तिची धाकटी जाऊ खाली जमिनीकडे बघत होती. तीही हसतच असणार, याबद्दल थोरलीला शंका नव्हती.

त्या वस्तुसंग्रहालयात चीनचं दालन थोरली सांभाळायची आणि त्याच्या अलीकडचं युरोपचं दालन धाकटी. धाकटीला साहेबांच्या हातापाया पडून नोकरीला लावलं ते थोरलीनेच. काच कोरड्या फडक्याने कशी पुसायची, बघायला आलेल्या माणसाच्या एक पाऊल मागे राहून कसं बोलायचं, हे सगळं तिनेच शिकवलं. आपल्या दालनाबद्दल ‘आम्ही’ म्हणून बोलायची खोडही मुळात तिचीच. धाकटीने ती उचलली आणि घरातली शांतता गेली. भांडी विसळताना होकायंत्राचा विषय निघायचा. धाकटी म्हणायची, होकायंत्र तुम्ही केलंत खरं, पण घराची दिशा बघायला. समुद्र ओलांडला तो आम्ही. थोरली म्हणायची, आमची दारू घेऊन तोफांत भरलीत, मोठा पराक्रम केलात.

एकदा धाकटी हसत म्हणाली, “जाऊबाई, तुमच्या नाकावरचा चष्मा आहे ना, तो आमचा.”

त्या संध्याकाळी थोरलीने चष्मा लावला नाही आणि स्वयंपाकात मीठ दोनदा पडलं. सासूबाईंनी पहिला घास घेऊन विचारलं, “आज कोणी रांधलंय? चीनने की युरोपने?”

हसण्यावारी नेलं, तरी थोरलीच्या पोटात दुखत होतं ते निराळंच. लोक आधी युरोपच्या दालनात शिरत. तिथे पक्षी बाहेर येणारं घड्याळ होतं, धाकटी त्याला किल्ली द्यायची, पोरं टाळ्या पिटायची. चीनपर्यंत येईतो सगळ्यांचे पाय दुखायला लागलेले. येऊन बाकावर बसत आणि पाण्याचा नळ कुठे आहे ते विचारत. आधी झालं ते आपलं, आधी शिकलो ते आपण, आणि टाळ्या मात्र मागून आलेलीला. थोरली जळायची, आणि आपण जळतो हे तिला चांगलं ठाऊक होतं.

आता दोन्ही दालनं एक करून चीन आणि युरोप शेजारी शेजारी मांडायचे ठरले होते. सांगणारी बाई एकच राहणार. दुसरीने फाटकापाशी लोकांच्या पिशव्या आणि छत्र्या सांभाळायच्या. म्हणून साहेबांनी दोघींना बोलून दाखवायला लावलं होतं.

थोरली साहेबांच्या प्रश्नापाशी अडखळली ती अडखळलीच. मग धाकटीने सुरुवात केली. कागद चीनमध्ये झाला, तो गावोगाव फिरत युरोपात पोचायला शतकं लागली, आणि तिथल्या यंत्राने त्यावर पुस्तकं छापली, असं ती थंडपणे सांगत गेली. ‘आम्ही’ एकदाही नाही. शेवटी म्हणाली, “एकाने दिवा लावला, दुसऱ्याने तो खिडकीत ठेवला.”

हे वाक्य थोरलीचं होतं. एका निवांत दुपारी, भांडण मिटलेलं असताना, तिनेच ते धाकटीला सांगितलं होतं. साहेबांनी मान डोलावली. गुरूची विद्या गुरूलाच भोवली.

घरी जाताना धाकटीने थोरलीला गाठलं. म्हणाली, “जाऊबाई, मी नको म्हणून सांगू का साहेबांना?”

“सांग की,” थोरली म्हणाली. “आणि जन्मभर तुझे उपकार मिरवत फिरू?” दहा पावलं गेल्यावर तिने एवढंच सांगितलं, “चीनची कपाटं ओल्या फडक्याने पुसू नकोस.”

नवं दालन उघडलं त्या दिवशी पावसाची भुरभुर होती. थोरली फाटकापाशी टेबलामागे बसली होती. वरच्या झरोक्यातून धाकटीचा आवाज स्वच्छ ऐकू येत होता.

“कागद आम्ही केला,” ती कुणाला तरी सांगत होती. “छपाईसुद्धा आधी आमचीच. युरोप मागून आला, पण आला तो धावत.”

आपला चीन तिने मान खाली न घालता सांगितला, याचा थोरलीला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. अंगाचा तिळपापड झाला. युरोप तिचा होताच. आता चीनही तिचाच झाला होता, आणि तिच्या तोंडी तो शोभतही होता.

एक गृहस्थ ओली छत्री मिटत टेबलाशी आले. थोरलीने छत्री घेतली आणि बिल्ला दिला.

“ही मिटणारी छत्रीसुद्धा आधी आम्हीच केली,” ती म्हणाली.

गृहस्थांनी “हो का?” म्हणत बिल्ला खिशात टाकला आणि ते आत गेले. थोरलीने चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. मग कोरडं फडकं घेऊन तिने छत्री टिपली, तिची एकेक घडी नीट बसवली, पट्टी बांधली आणि काचेच्या कपाटात मांडावी तशी हळूच खुंटीला लावली.