खालच्या पट्टीतली नेरेइदा

कोलंबियातल्या बारांकिया शहरात नेरेइदा चार्रिसचं नाव काढलं की लोक तोंडाने नव्हे, हाताने बोलायचे. हात वर न्यायचे, आणखी वर, आणि डोळे मिटून घ्यायचे. तिचा तो वरचा सूर! तीन अल्बम त्या एका सुरावर चालले होते. गाणं कसलंही असो, शेवटी नेरेइदा वर चढणार, तिथे ठाण मांडून बसणार आणि ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येणार, हे ठरलेलं.

मग तिच्या गळ्यात गाठ निघाली. गाठ साधी होती, ऑपरेशनही नीट पार पडलं. पण बोलायची परवानगी मिळाल्यावर तिने बहिणीला हाक मारली, तेव्हा खोलीत कुणी तिसरंच माणूस आल्यासारखं वाटलं. आवाज खाली उतरला होता आणि त्याला नारळाच्या सोडणासारखी खरखर आली होती. डॉक्टर म्हणाले, धीर धरा. तिने दोन वर्षं धीर धरला. वरचा सूर काही परतला नाही.

करारातला एक अल्बम मात्र द्यायचा राहिला होता, आणि रेकॉर्ड कंपनी थांबायला तयार नव्हती. म्हणून त्या सप्टेंबरात ती एलिएसेर पेर्तुसच्या स्टुडिओत उभी राहिली. स्टुडिओ म्हणजे घराच्या परसातली एक लांबट खोली, भिंतींना गाद्या ठोकलेल्या. एलिएसेरला सगळे मास्तर म्हणत. साठी उलटलेला, मोजकं बोलणारा माणूस. उभा जन्म क्लॅरिनेट वाजवण्यात गेलेला. कोरसला नेहमीप्रमाणे लूदिस, नेरेइदाची थोरली बहीण. तिचं बार्रिओ आबाहो वस्तीत बायकांचं पार्लर होतं. दुपारपर्यंत ती केसांना रंग लावायची आणि मग नखांत रंग तसाच घेऊन गायला यायची.

पहिला आठवडा वाईट गेला. नेरेइदा गाणं उचलायची, छान न्यायची आणि शेवटच्या चढणीवर आवाज फाटायचा. मास्तर टेप मागे घ्यायचे आणि पुन्हा पहिल्यापासून गायला लावायचे. टेप मागे फिरल्याचा तो आवाजच तिला जास्त लागायचा.

आठवड्याच्या शेवटी कंपनीचे उर्रूतियासाहेब थंड हवेच्या बोगोताहून आले. अंगात लोकरी कोट, कपाळावर घामाच्या धारा.

"साहेब, कोट काढा," लूदिस म्हणाली. "आमच्याकडे कोट फक्त मेलेल्या माणसाला घालतात."

साहेबांनी कोट काढला नाही. त्यांनी टेप ऐकली आणि खुर्ची नेरेइदाजवळ ओढली.

"हे बघ, लोक येतात ते त्या सुरासाठी. लूदिसचा आवाज तुझ्याच रक्ताचा आहे. खालचं तू गा, वरचं ती गाईल, मास्तर सांधा जुळवतील. कुणाच्या बापाला कळणार नाही."

 हाच विचार नेरेइदाच्याही मनात येऊन गेला होता, आणि त्याचीच तिला जास्त लाज वाटत होती.

"चालेल," ती म्हणाली.

"मला नाही चालणार," लूदिस म्हणाली.

साहेब हसले. "का? नाव हवंय?"

"पंधरा वर्षं मी हिच्या मागे उभी राहिले, साहेब. मागे उभं राहायला मला कधी कमीपणा वाटला नाही. पण हिच्या तोंडात लपून बसायचं, ते माझ्याच्याने व्हायचं नाही."

साहेब विमान गाठायला निघून गेले. जाताना, दोघींनी आपसात काय ते मिटवा, एवढं सांगून गेले.

मिटवणार काय? मास्तरांच्या स्वयंपाकघरात दोघी समोरासमोर बसल्या. टेबलावर ओल्या तुरीच्या शेंगांचा ढीग होता. मास्तरांच्या बायकोने रस्सा चढवला होता आणि बसल्याबसल्या सोला म्हणून ढीग पुढ्यात सारला होता. दोघी शेंगा फोडू लागल्या.

"तुझं काय जातंय गं?" शेवटी नेरेइदा म्हणाली. "तुला पार्लर आहे. माझं सगळं संपायला आलंय."

"संपायला आलेलं नाही, संपलंय. नेरे, तो आवाज मेला. दोन वर्षं त्याला घरात ठेवून बसली आहेस. आता पुरून टाक त्याला."

नेरेइदाने हातातली शेंग भिरकावली. ती रश्शाच्या पातेल्यावर आपटून खाली पडली. "एवढं सरळ बोलायला जीभ बरी रेटते तुझी."

"दुसरं कोण बोलणार तुला? सगळे घाबरतात."

 नेरेइदा पुन्हा शेंगा सोलू लागली. डोळ्यांतलं पाणी मनगटाने पुसत होती आणि शेंगा सोलत होती. रडणं ओसरल्यावर नकळत ती आठवडाभर छळणारं तेच गाणं गुणगुणू लागली. इथे कुणाला दाखवायचं नव्हतं, म्हणून वर चढायचंही नव्हतं. गाणं तिने जमिनीलगत धरलं, अगदी खाली, बोलण्याच्या आवाजात. वाट बघणाऱ्या बाईचं गाणं होतं ते. पहिल्यांदाच ती बाई खरंच वाट बघतेय असं वाटलं. दुसऱ्या ओळीला लूदिसने सवयीने वरून सूर मिसळला. हलकाच, ओलं कापड अंगावर टाकावं तसा.

गाणं संपलं तेव्हा मास्तर दारात उभे होते. हातातली कॉफी तशीच होती.

"पुन्हा," ते म्हणाले.

"काय पुन्हा?"

"आत्ता केलंत ते. आत चला. आणि शेंगा घेऊन या, हात रिकामे राहू देऊ नका."

त्या संध्याकाळी माइकसमोर दोघी बहिणी मांडीवर शेंगांचं टोपलं घेऊन बसल्या. गाणं पहिल्याच खेपेला झालं. मास्तरांनी टेप मागे घेतली नाही. त्यांनी हेडफोन काढून ठेवले आणि बायकोला हाक मारून आत बोलावलं, तूही ऐक म्हणून.

पुढचे दोन महिने धमाल गेले. मास्तरांनी सगळी गाणी खालच्या पट्टीत उतरवली, तुतारीवाल्यांना घरी पाठवलं, ढोल, क्लॅरिनेट आणि जाड आवाजाची एक बास गिटार एवढंच ठेवलं. नेरेइदाला रोज काहीतरी नवं सापडे. खाली केवढी जागा होती! तिथे शब्दाला थांबता येत होतं, चिडता येत होतं, एखादी ओळ नुसती डोळा मारून टाकून देता येत होती. वर असताना शब्दांकडे लक्ष द्यायला तिला कधी सवडच मिळाली नव्हती.

टेप बोगोताला गेली. दोन दिवसांनी साहेबांचा फोन आला.

"हा पुरुष कोण गातोय?"

"मी," नेरेइदा म्हणाली. "आणि वरून गातेय ती माझी बहीण. कव्हरवर तिचं नाव माझ्याएवढ्याच अक्षरांत हवं, साहेब. नसेल तर टेप परत पाठवा."

साहेबांनी नाव छापलं, कारण त्यांच्या लेखी अल्बम मेलेलाच होता आणि मेलेल्याच्या थडग्यावर कुणाचं नाव कोरायचं यावर कोण भांडतं? कराराची पूर्तता म्हणून थोड्या प्रती निघाल्या. जाहिरात नाही, रेडिओला पत्र नाही. डिसेंबरात, वाऱ्याच्या दिवसांत, अल्बम गुपचूप दुकानात आला.

लूदिसने त्यातली एक कॅसेट पार्लरमध्ये लावली. उबाल्दिना नावाची एक जाडजूड बाई डोक्याला रंग थापून बसली होती. तिचा नवरा बस चालवायचा. पहिलं गाणं अर्ध्यावर आलं आणि तिने शेजारणीला गप्प केलं.

"कोण ही?"

"तुम्हीच ओळखा," लूदिस म्हणाली.

"कुणी का असेना. हिला कुणीतरी दारात ताटकळत ठेवलंय, हे नक्की." गाणं संपल्यावर तिने हात पुढे केला. "कॅसेट दे. माझ्या नवऱ्याला ऐकवते. तोही ठेवतो ताटकळत."

नवऱ्याने ती बसमध्ये लावली. माणसं आपला थांबा आला तरी गाणं संपेपर्यंत उतरेनात. मागच्या बसच्या ड्रायव्हरने विचारलं, त्याने कॅसेट मिळवली, मग त्याच्या मागच्याने. नाताळपर्यंत शहरातल्या बसगाड्या त्या एका खरखरीत आवाजात धावत होत्या. दुकानदार कंपनीला फोन करून करून थकले, रेडिओवाले स्वतःहून दारात आले, आणि कंपनीला पुन्हा छपाई करावी लागली, मग पुन्हा.

नेरेइदाचा या बातम्यांवर विश्वास बसेना. एका सकाळी ती डोक्याला रुमाल बांधून बसमध्ये चढली. पुढच्या बाकावर दोन मासळीवाल्या बोलत होत्या. डोक्यावरच्या स्पीकरवर तिचंच गाणं लागलं होतं.

"ही ती वरच्या सुराची नेरेइदा नव्हे गं."

"तीच आहे. माझ्या सुनेने कव्हर पाहिलंय."

"छे. ती ओरडायची. ही माझ्याशी बोलते."

नेरेइदाने खिडकीकडे तोंड फिरवलं. हसू की रडू, तिला उमजेना. बाजार मागे गेला, नदी दिसू लागली, तरी ती उतरली नाही. शेवटच्या थांब्यापर्यंत गेली आणि त्याच बसने परत आली, सगळा अल्बम दोन्ही बाजूंनी ऐकत.

फेब्रुवारीत कार्निव्हल आला. शनिवारच्या मिरवणुकीत, फुलांच्या ट्रकवर, दोघी बहिणी शेजारीशेजारी उभ्या होत्या. कुणी पुढे नाही, कुणी मागे नाही. रस्त्याच्या दोन्ही कडांना माणसांची भिंत, कार्निव्हलच्या रिवाजाप्रमाणे चेहऱ्यांना मैदा फासलेला, आणि प्रत्येकाला प्रत्येक ओळ पाठ. लूदिसचं नावही लोक घेत होते. पार्लरच्या बायकांनी तर तिच्या नावाचा फलकच आणला होता आणि उबाल्दिना तो छत्रीसारखा डोक्यावर धरून नाचत होती.

पूर्वी दोन गाणी म्हटली की नेरेइदाला मध लागायचा आणि दिवसभराचं मौन. आज ती भर दुपारच्या उन्हात सुरू झाली होती आणि सावल्या लांबल्या तरी आवाज तसाच होता, ठणठणीत, पाय रोवून उभा. मिरवणुकीचं टोक आलं. वाजवणारे दमून ट्रकच्या कडेला टेकले. मास्तरांनी क्लॅरिनेट खाली ठेवली आणि कपाळ पुसलं.

"पुरे ना आता?" लूदिसने विचारलं. तिचा आवाज बसला होता.

"तू बस," नेरेइदा म्हणाली. "पाणी पी जरा."

तिने रस्त्यावरच्या माणसांकडे पाहिलं. माणसं जागची हललीच नव्हती. मग तिने बोलावं तितक्याच सहज, बाजा नसताना, पुढचं गाणं सुरू केलं.