फोटोवरची काच

एकोणीसशे एकाहत्तर सालच्या मार्चमध्ये खाणीच्या सर्व्हेयरने स्वयंपाकघराच्या भिंतीतल्या भेगेवर एक काचपट्टी आडवी धरली, दोन्ही टोकांना ओलं प्लास्टर थापलं आणि ते सुकायच्या आत खिळ्याने त्यावर तारीख कोरली.

"हात लावू नका. फुटली तर ऑफिसात कळवा," तो म्हणाला.

"ऐकलंस ना गं?" सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं. "साहेब, आमच्याकडे फोडणी मी घालते, फोडाफोडी ही करते. हिलाच बजावून ठेवा."

सर्व्हेयर हसला. काच कशासाठी, ते त्याने सांगितलं नाही. गल्लीखालचा कोळसा काढून झाला होता. वरची जमीन खचेल का, घरं रिकामी करावी लागतील का, हे त्या बोटभर काचेवरून ठरायचं होतं. भिंत केसभर सरकली तरी काच तडकणार होती. पण लोकांना घाबरवू नका, अशी वरून ताकीद होती.

सुनेच्या लग्नाला दोन वर्षं झाली होती. तेवढ्यात तिच्या हातून चार कप, एक बरणी आणि सासूबाईंचा चष्मा गेला होता. जेवताना रोज त्यांची उजळणी होई.

एप्रिलमध्ये एका सकाळी ओटा पुसताना तिला काच मधोमध तडकलेली दिसली. आपलंच फडकं लागलं असणार. सासूबाई अंघोळीला गेल्या होत्या. तिने परसातून जुन्या तावदानाचा तुकडा शोधून आणला, प्लास्टरमधली खाच कोरली, तुकडा चुन्यात बसवला. तारीख तशीच राहिली.

मे महिन्यात ही काचही तडकली. या वेळी तर ती त्या भिंतीजवळ फिरकलीही नव्हती. पण ते ऐकणार कोण? परसात आता काच उरली नव्हती. तिने पुढच्या खोलीतला लग्नाचा फोटो उतरवला, त्यावरची काच फडक्यात गुंडाळली आणि बत्त्याने ठोकली. त्या घरात जाणूनबुजून तिने फोडलेली ती एकच वस्तू.

जूनमध्ये सर्व्हेयर आला. त्याने काचेवरून अंगठा फिरवला. त्याची पट्टी कागदासारखी पातळ होती. ही जाड, कडेला हिरवट.

"शाबूत आहे ना?" सासूबाई म्हणाल्या. "माझा डोळा होता हिच्यावर."

सर्व्हेयरची नजर दारातून पुढच्या खोलीत गेली, चौकटीतल्या उघड्या फोटोवर थांबली.

"फोटोवर धूळ बसेल, वहिनी," तो हळूच म्हणाला आणि वहीत त्याने लिहिलं: शाबूत.

भला माणूस, सुनेला वाटलं.

ऑगस्टच्या नऊ तारखेला दुपारी स्वयंपाकघर जमिनीत गेलं. सासूबाई आत तांदूळ निवडत होत्या.

चौकशीच्या दिवशी सुनेने रडत रडत सगळं सांगितलं. चौकशी अधिकारी सर्व्हेयरकडे वळले.

"काच बदललेली तुमच्या लक्षात आली नाही?"

"नाही, साहेब."

तो हातातल्या पेन्सिलीकडे पाहत होता. सून अर्धवट उठली. खाणीतच फिटर असलेल्या नवऱ्याने तिचं मनगट धरलं.

"बस खाली," तो दातांतल्या दातांत म्हणाला. "आता आणखी काही फोडू नकोस."

ती बसली.

रहिवाशाने काच बदलल्यामुळे धोका कळला नाही, असा अहवाल आला. आठ दिवसांत गल्ली रिकामी झाली. सर्व्हेयर पुढे मुख्य सर्व्हेयर झाला. निवृत्तीनंतर त्याने टेकडीवर, पक्क्या खडकावर घर बांधलं आणि तिथेच म्हातारपणी गेला. नवऱ्याने खाणीतली नोकरी शेवटपर्यंत केली. बायकोच्या हातून काही फुटलं, तरी तो ताटावरून मान वर करत नसे.

सून बरीच जगली. फोटो वाचला होता. नव्या क्वार्टरमध्ये तो तसाच उघडा टांगलेला असे, आणि रोज सकाळी ती कोरड्या फडक्याने तो पुसायची, इतका की दोघांचे चेहरे झिजून गेले. काच बसवून आणतो, असं नातवाने कितीदा म्हटलं.

"राहू दे," ती म्हणायची. "फुटली की पुन्हा माझंच नाव."