नीलेशचा उतार

नीलेशच्या मरणाची बातमी आली तेव्हा त्याचे वडील मोतीलालजी सिंदीच्या आपल्या अडतीवर उभे होते. कापसाच्या गाड्या दारात लागल्या होत्या. फोनवर सचिन होता. सचिन अल्लीपूरचा. नीलेश आणि तो कॉलेजपासूनचे मित्र, दिल्लीत एकाच खोलीत राहायचे आणि एकाच कंपनीत कॉम्प्युटरचं काम करायचे. शनिवार-रविवारची सुटी पाहून दोघं मनालीला बर्फात गेले होते.

"काका, नीलेश पडला," सचिन म्हणाला.

मोतीलालजींना वाटलं, हात-पाय मोडला असेल. "कोण्या दवाखान्यात हाये?" त्यांनी विचारलं. मग फोन दुसऱ्याच कुणीतरी घेतला आणि हिंदीत काय ते सांगितलं.

२००६ सालचा तो फेब्रुवारी. विमानाने नागपूर आणि तिथून गाडीने सिंदी, असा नीलेश घरी आला. सोबत सचिन होता. अंगणातली माणसं बाजूला झाली आणि नीलेशची आई प्रमिलाबाई पुढे आल्या. त्यांनी आधी मुलाकडे पाहिलं नाही, सचिनकडे पाहिलं.

"दोघं गेलते ना तुम्ही? मंग तू काऊन परत आला?"

सचिन होता तिथेच खाली बसला. कुणीतरी त्याला उठवून शेजारच्या घरात नेलं. तो पुन्हा नीलेशच्या घरात आला नाही.

भेटायला येणारी माणसं विचारत, कसं झालं? मोतीलालजींना ते नीट सांगता येत नसे. एक फळी असते, ती दोन्ही पायांना बांधतात आणि बर्फावरून घसरत खाली येतात, असं ते सांगत. ऐकणारा मान हलवी, पण त्याच्या तोंडावर दिसे की त्याला काही कळलेलं नाही. एकदा रूपराव नावाचे त्यांचे जुने सोबती बोलून गेले, "आता काय म्हणावं, मोतीलालजी. खेळता खेळता जीव घालवला पोरानं."

रूपराव वाईट मनाने बोलले नव्हते. पण मोतीलालजींच्या ते मनात बसलं, कारण त्यांनाही तसंच वाटत होतं. पंचवीस वर्षांचा शिकलेला, नोकरीचा मुलगा. आजाराने गेला असता, गाडीखाली आला असता, तर देवाला बोल लावता आला असता. हा आपल्या पायाने डोंगरावर गेला होता. मोतीलालजींना मुलाचा राग आला होता. तो राग त्यांनी प्रमिलाबाईंनाही कधी सांगितला नाही. फोटोला हार घालतानासुद्धा तो मनात असे, आणि एखाद्या वेळी ते हार तसाच टेबलावर ठेवून बाहेर निघून जात.

पुढच्या थंडीत, वर्षश्राद्ध जवळ आलं तेव्हा, जेवताना ते म्हणाले, "मी ते जागा पाहून येतो."

प्रमिलाबाईंचा हात पोळीवर थांबला. "काय पाह्याचं हाये तिथं?"

"तूबी चाल."

"मी नाई येत. त्या जागेचं तोंड नाई पाह्याचं मले. अन् तुम्हीबी जाऊ नका."

ते गेले. आधी सचिनला फोन केला. तो अजून दिल्लीतच होता, त्याच कंपनीत. खोली मात्र बदलली होती.

"काका, तिथं काहीच नाई," तो म्हणाला. "नुसता डोंगर हाये."

"तू नेतो का नाई, ते सांग."

याही वेळी सचिनला सुटी शनिवार-रविवारचीच होती. मोतीलालजी दिल्लीला पोचले, तिथून बसने दोघं निघाले आणि सकाळी मनालीला उतरले. वाटेत दोघं फारसे बोलले नाहीत. सचिन बारीक झाला होता. बस थांबली की उतरून काकांसाठी चहा आणायचा, त्यांची शाल सारखी करायचा आणि पुन्हा खिडकीकडे तोंड करून बसायचा.

गावापासून आणखी वर, जीपने, तो उतार होता. मोतीलालजींनी मनात एक भयाण जागा धरली होती. इथे तर जत्रा भरलेली. भाड्याचे लाल-निळे कोट घालून नवीन लग्नाची जोडपी फोटो काढत होती. स्टोव्हवर मक्याची कणसं भाजली जात होती. एक बाई घसरून बसली आणि तिच्या घरचे सगळे हसत सुटले. मोतीलालजींनी वाकून मूठभर बर्फ उचलला, कापसाचा नमुना पाहावा तसा बोटांनी दाबून पाहिला. तो पाणी होऊन मनगटावरून अस्तनीत गेला.

"कुठी?" त्यांनी विचारलं.

सचिनने वर बोट दाखवलं. उताराच्या कडेला देवदारांची रांग होती. "ते तिसरं झाड."

मोतीलालजी पाहत राहिले. झाडाला काहीही झालेलं नव्हतं. त्याच्या बुंध्याशी कुणीतरी आपली पिशवी ठेवली होती.

मग सचिनने न विचारता सांगायला सुरुवात केली. वर्षभरात त्याला हे कुणी विचारलंच नव्हतं.

"शनिवारी आम्ही दिवसभर पडतच होतो, काका. उभं राह्यलं की पडे. मी तर दुपारीच कंटाळलो. नीलेश नाई. संध्याकाळी त्याले थोडं जमलं. रात्री जेवताना तेच बोलून राह्यला होता. रविवारी दुपारी आमाले निघायचं होतं. मी बूट काढून टाकले होते. तो म्हणे, एक डाव अजून जाऊन येतो, तू चहा सांग. मी दोन चहा सांगितले. शिकवलं होतं ते खालच्या उतारावर, हा अजून वर गेला. मी पाह्यलं, काका. येत होता तो. चांगला येत होता. मंग वळता नाई आलं त्याले."

सचिनने तोंड फिरवलं. मोतीलालजींना त्याच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला. त्यांनी ठेवला नाही.

तेवढ्यात एक माणूस बर्फातून त्यांच्याकडे आला. पस्तिशीचा, चेहरा उन्हाने रापलेला. नाव टिकमराम. नीलेशला त्यानेच शिकवलं होतं, आणि त्याने सचिनला ओळखलं होतं. मोतीलालजी कोण, हे कळल्यावर त्याने टोपी काढली.

"मना किया था, बाबूजी," तो म्हणाला. "ऊपर मत जाना, बोला था मैंने."

"तुम्हारा कुछ दोष नहीं," मोतीलालजी म्हणाले. हे बोलायचं ते घरून ठरवून आले नव्हते. मग ते म्हणाले, "मेरे को एक बार उस पर खड़ा करो."

टिकमरामला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. सचिन घाबरला. "काका, नका ना. तुमचं वय काय, हे काय. काकू मले..." पुढचं त्याने गिळलं.

"तू जवळ राह्य," मोतीलालजी म्हणाले. "मले फक्त उभं राह्याचं हाये."

टिकमराम बराच वेळ नाही म्हणत होता. शेवटी तो जाऊन बूट आणि बोर्ड घेऊन आला. अगदी खालच्या, जिथे लहान मुलं खेळत होती त्या चढावर त्याने मोतीलालजींना बर्फात बसवलं आणि एकेक पाय फळीला पट्ट्यांनी आवळला. दोन्ही पाय जखडलेले पाहून त्यांना तिरडीची आठवण झाली आणि ते म्हणणार होते, राहू दे. पण टिकमरामने दोन्ही हात धरून त्यांना उभं केलं होतं.

"आगे मत देखो, बाबूजी. मुझे देखो. घुटना ढीला."

पहिल्यांदा ते लगेच बसले. दुसऱ्यांदाही. कपड्यात बर्फ गेला, धाप लागली. जन्मभर ते काळ्या मातीतून चालले होते. ती माती पावसाळ्यात चप्पल ओढून ठेवते, पाऊल सोडत नाही. इथे खाली धरून ठेवणारं काहीच नव्हतं. तिसऱ्यांदा फळी हळूच सरकायला लागली. टिकमराम समोरून मागे मागे चालत होता.

"छोड़ो," मोतीलालजी म्हणाले.

"बाबूजी..."

"छोड़ो ना."

त्याने हात सोडले.

ते फार लांब गेले नाहीत. चार-दोन घरं ओलांडावीत तेवढंच. पण तेवढ्यात वारा तोंडाला लागला, पाय न उचलता झाडं मागे जायला लागली, आणि त्यांच्या तोंडून आवाज निघाला. तो आनंदाचा होता. त्यांना तो ओळखू आला. मग ते उजव्या हातावर कोसळले, आणि पडल्या पडल्या, मनगटातली कळ डोक्यापर्यंत जायच्या आधी, त्यांच्या मनात आलं: अजून एकदा.

सचिन धावत आला तेव्हा ते बर्फात पडूनच होते आणि रडत होते. वर्षभरात ते असे रडले नव्हते. सचिनला वाटलं, हात दुखतो म्हणून. मुलाचा राग आता त्यांना शोधूनही सापडत नव्हता. तो होता तोवर बरं होतं, त्याला धरून दिवस काढता येत होते. आता नीलेश नुसता गेलेला होता.

"कोणीबी गेला असता रे वर," ते सचिनला म्हणाले. "मीबी गेलो असतो."

हाताला प्लास्टर घालून ते सिंदीला परतले. प्रमिलाबाईंनी दारात हात पाहिला. काय झालं ते मोतीलालजींनी खरं सांगितलं. खोटं सांगता आलं असतं.

"माझं पोरगं गेलं त्याच्यावर," प्रमिलाबाई म्हणाल्या, "अन् तुम्ही खेळून आले?"

त्यानंतर त्या बोलेनाशा झाल्या. सदऱ्याच्या गुंड्या लावून द्यायच्या, भात कालवून चमचा डाव्या हातात द्यायच्या, आंघोळीचं पाणी काढून ठेवायच्या, बोलायच्या नाहीत. मोतीलालजींनी समजावायचा प्रयत्न केला नाही. श्राद्धाच्या आदल्या दिवशी सकाळी गुंड्या लावता लावता प्रमिलाबाईंचे हात थांबले.

"कसं वाटते त्याच्यावर?"

"चांगलं वाटते," मोतीलालजी म्हणाले. "लय चांगलं वाटते, प्रमिला. लहान होऊन जाते माणूस."

"भेव नाई वाटत?"

"तेवढ्यात नाई वाटत."

त्या त्यांच्या छातीला कपाळ टेकून उभ्या राहिल्या. बऱ्याच वेळाने, पदराने तोंड पुसून, म्हणाल्या, "सचिनले बोलवा उद्या जेवाले. मी त्याले बोलली होती. मले आठवते."

सचिनला फोन केला. सुटी नाही, एका रात्रीत दिल्लीहून जमणार नाही, असं तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी पंगत उठेपर्यंत प्रमिलाबाई दाराकडे पाहत राहिल्या, तरी तो आला नाही. संध्याकाळी त्यांनी मोतीलालजींना नंबर फिरवायला लावला आणि फोन कानाला धरला. पलीकडून त्याचा आवाज आला तेव्हा दिवसभर मनात जुळवलेलं सगळं निसटून गेलं.

"जेवला का?" त्यांनी विचारलं.

"हो, काकू."

"काय जेवला?"

तो काय म्हणाला ते मोतीलालजींना ऐकू आलं नाही. प्रमिलाबाई हुं हुं करत ऐकत होत्या. मग दोघंही गप्प झाली असावीत. फोन मात्र कुणीच ठेवत नव्हतं.