अडलं तर दार ठोठाव

परदेशी शिकायला निघालेल्या लेकराची बॅग आपण किती हौसेने भरतो! शिलाईच्या दुकानात, कापड कापायच्या टेबलावर धाकटीची बॅग उघडी पडली होती. आठ दिवसांनी विमान. लोकरीचे कपडे, औषधं, अगदी सुईदोरासुद्धा. मालकीणबाई काही म्हणता काही विसरल्या नव्हत्या.

"आणि कान उघडे ठेवून ऐक," त्या लेकीला म्हणाल्या. "तिथं काही कळलं नाही तर नुसती मान डोलवायची. आपलं अडाणीपण चारचौघांत दाखवायचं नाही. माझ्या घरात रडगाणं चालत नाही!"

मास्तरांनी कात्री टेबलावर आपटली. बावीस वर्षं बाईंकडे कापड कापणारा माणूस, आज पहिल्यांदा आवाज चढवून बोलला.

"ताई, थोरल्याला हेच सांगून धाडलंत ना?"

दुकानामागच्या खोलीचं दार बंद होतं. परदेशातल्या कॉलेजातून नाव कमी होऊन थोरला सात महिन्यांत परत आला होता. तिकडून फोनवर रोज 'मजेत आहे' म्हणायचा, आणि बाई गिऱ्हाइकांची मापं घेता घेता ते मिरवायच्या. आता तो दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलेला असे.

"तिथल्या मेल्यांनी माझ्या पोराला एकदा तरी विचारलं का, बाबा तुझं काय अडलंय?"

"तिथली रीत वेगळी असते, ताई. ज्याचं अडलं त्यानं जाऊन विचारायचं. हे आपण पोराला शिकवलं कधी?"

दार करकरलं. थोरला उंबऱ्यात उभा होता, दाढी वाढलेला.

"पहिल्याच दिवशी सर म्हणाले होते, अडलं तर दार ठोठाव. त्या दारावरून मी रोज गेलो, आई. हात उचललाच नाही."

दार पुन्हा लागलं.

मग धाकटीने हळूच कागद पुढे केला. "कॉलेजचा आहे, मी मराठीत उतरवलाय. बघून सही करशील?"

"चष्मा सापडत नाहीये गं, तूच बघ..."

चष्मा गळ्यातच लटकत होता. बँकेत, दवाखान्यात, शाळेत, जन्मभर हेच वाक्य! पोराने मान डोलवणं कुठून उचललं, ते बाईंना लख्ख दिसलं.

"मला वाचता येत नाही!" त्या एकदम म्हणाल्या. "सही तेवढी गिरवते. तू वाचून दाखव."

धाकटीचे डोळे भरले. "ठाऊक आहे, आई. आम्हा दोघांनाही. लहानपणापासून."

बाई उठल्या. थोरल्याच्या खोलीचं जे दार आजवर ढकलूनच आत शिरल्या, त्यावर त्यांनी टकटक केली.

"राजा, तुला काय होतंय ते मला कळत नाही रे. सांगशील?"

आतून काही आवाज आला नाही. त्या तिथेच स्टूल ओढून बसल्या.

आईबापांनो, बॅग खुशाल भरा. पण 'मला कळलं नाही, सांगा' एवढं म्हणायला लेकराला निघायच्या आधी शिकवा, आणि त्याच्यासमोर आधी स्वतः म्हणा. बाईंना हे उमगायला एका लेकराइतका उशीर झाला. दार अजून बंद आहे.