हात न टेकता

मित्रांनो, दुसरबीडच्या तानाबाईंच्या ओसरीवर जी जुनी लाकडी खुर्ची दिसते ना, ती मी. मेहकरच्या एका सुताराने मला बाभळीच्या लाकडातून घडवले. तानाबाईंचे मालक होते तोवर माझ्यावर बसून चहा पीत आणि आल्यागेल्याला सांगत, "खुर्ची लय दमदार हाये." ते गेले आणि माझ्यावर कपड्यांचा ढीग साचू लागला.

मागच्या उन्हाळ्यात तानाबाई न्हाणीत पडल्या. हाड मोडले नाही, पण धीर खचला. बाजेवरून उठायलाही शेजारच्या गीताबाईंना हाक मारावी लागे. नांदुऱ्याहून मुलगा आला, रवी.

"आई, एकटी कशी राह्यशीन? दिवाळीले घराले कुलूप लावू अन् तू माह्यासंग चाल."

तो गेल्यावर तानाबाई अंगणातल्या आपल्या वांग्यांकडे बघत रडल्या.

दोन दिवसांनी आरोग्य केंद्रातल्या संजीवनीताई आल्या. त्यांनी माझ्यावरचे कपडे उचलले, मला भिंतीला टेकवले.

"मावशी, हिच्यावर बसायचं अन् उठायचं. आधी हात टेकून. रोज, दोन टाइम."

"या वयात कसरत?"

"पायात ताकद या वयातबी येते. हळूहळू."

पहिल्या दिवशी तीनदाच जमले. त्यांनी सगळा भार माझ्या हातांवर टाकला. माझा मागचा पाय कुरकुरला, तेव्हा भीती मलाच वाटली. पोळ्यापर्यंत त्यांचे एक हात टेकणे सुटले. मध्येच गुडघे दुखले, दोन दिवस त्या माझ्याकडे फिरकल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी आल्या. दसऱ्याला दोन्ही हात छातीशी धरून त्या उठल्या आणि उभ्या राहून एकट्याच हसल्या.

दिवाळीआधी रवी पिशवीत नवे कुलूप घेऊन आला. माझ्यावर बसलेल्या आईला उठवायला त्याने हात पुढे केला.

"राहू दे," त्या म्हणाल्या. हात न टेकता उठल्या, अंगणात गेल्या, वाकून चार वांगी तोडून आणली.

रवी माझ्यावर मटकन बसला. "मले लय घोर होता, आई."

"मलेबी होता," त्या म्हणाल्या. "भरीत करू?"

"हाव," तो म्हणाला. कुलूप पिशवीतून बाहेर निघालेच नाही.

मित्रांनो, घरातले म्हातारे माणूस उठू लागले की लगेच ओढून उभे करू नका. जवळ थांबा. त्यांना रोज थोडे बसू-उठू द्या. वेळ लागेल. लागू द्या.